व्हिएतनामचं युद्ध गिटारमध्ये नेमकं कुठे ऐकू येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या कॉलेजच्या बँडला ४० मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. विषय, व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं अमेरिकन रॉक. ही सगळी गाणी युद्धविरोधीच होती ना? त्यांनी युद्ध थांबवलं असं म्हणतात, ते खरं का? गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेच्या राष्ट्रगीताची विटंबना केली का? आणि आम्ही निवडलेली गाणी बरोबर आहेत का?" सोबत दहा गाण्यांची यादी आहे.

मी १९८४ पासून गिटार वाजवतो आणि १९९३ पासून पुण्यात शिकवतो. यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं मी स्टेजवर वाजवलंय, कित्येकदा चुकीचं समजून वाजवलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी यादी. तुमच्या दहातली तीन गाणी व्हिएतनामबद्दल नाहीतच. 'फॉर व्हॉट इट्स वर्थ' हे बफेलो स्प्रिंगफील्डचं गाणं आज युद्धविरोधी म्हणून सगळीकडे वाजतं. स्टीफन स्टिल्सने ते लिहिलं नोव्हेंबर १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर झालेल्या राड्यावर. रात्री तिथे जमणाऱ्या पोरापोरींवर संचारबंदी लादली गेली, एक क्लब बंद पाडायचं ठरलं, पोलिसांशी झटापट झाली. एवढाच विषय. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, म्हणजे क्रीडन्स या बँडचं 'रन थ्रू द जंगल' घ्या. नावात जंगल आहे, रेकॉर्डिंगची सुरुवात अंगावर काटा आणते, त्यामुळे सगळे ते व्हिएतनामचं समजतात. त्यांचा गायक-गीतकार जॉन फॉगर्टीने स्वतः सांगितलंय की ते अमेरिकेत घराघरांत असलेल्या बंदुकांबद्दल आहे. आणि 'पेंट इट ब्लॅक' हे तर इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सचं शोकगीत. १९८७ च्या एका गाजलेल्या युद्धपटाच्या शेवटी ते वाजलं आणि तेव्हापासून ते कायमचं व्हिएतनामला चिकटलं.

ही गाणी काढून टाका असं मी म्हणत नाही. 'फॉर व्हॉट इट्स वर्थ'ची सुरुवात, नील यंगने वाजवलेले ते घंटेसारखे दोन हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेले स्वर), कार्यक्रम उघडायला याहून चांगलं काही नाही. फक्त निवेदनात खरं सांगा. कारण या संगीताची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथूनच दिसते: ज्या गाण्यांत युद्धाचं नाव नाही, त्यांनीच युद्धाचं ओझं जास्त वाहिलं. हे का झालं, हे समजलं की तुमचे उरलेले प्रश्न सोपे होतात.

आपल्याला ते समजणं थोडं अवघड जातं, कारण आपल्याकडे सैन्यात जाणं ऐच्छिक आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात भरतीसाठी पहाटे चारला रस्त्यावर धावणारी पोरं मी लहानपणापासून पाहिलीत. अमेरिकेत तेव्हा उलट होतं. १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला सक्तीच्या भरतीसाठी नाव नोंदवावं लागायचं. कॉलेजात असाल तर सवलत. म्हणजे ज्याच्या बापाकडे फीचे पैसे, तो वर्गात. ज्याच्याकडे नाहीत, तो व्हिएतनामच्या भातखाचरात. १९६४ ते १९७३ या काळात १८ लाखांहून अधिक तरुण असे सक्तीने उचलले गेले. १ डिसेंबर १९६९ ला तर टीव्हीवर सोडत निघाली. काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या डब्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली डबी उघडली ती १४ सप्टेंबरची. त्या तारखेला जन्मलेल्या मुलाला घरी बसल्या बसल्या कळलं की आता आपला नंबर पहिला. आणि मतदानाचं वय होतं २१. ते १८ वर आलं १९७१ मध्ये.

हे डोक्यात ठेवून मग रॉक ऐका. रॉकचा श्रोता आणि भरतीचा कागद ज्याच्या दारात येणार तो, हे दोघे एकच होते. त्याच वयाचे, बऱ्याचदा त्याच गल्लीतले. म्हणून गाणं प्रेमाचं असो, पावसाचं असो, गाव सोडण्याचं असो, त्यात युद्ध आपोआप शिरायचं.

सुरुवातीची दोन टोकं तुमच्या कार्यक्रमात यायला हवीत. अमेरिकन सैन्याच्या पहिल्या लढाऊ तुकड्या मार्च १९६५ मध्ये दा नांगला उतरल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पी. एफ. स्लोन नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने ते लिहिलं होतं आणि बॅरी मॅक्ग्वायरने गायलं होतं. मारायला पाठवता पण मत द्यायला देत नाही, हा त्यातला टोला सोडतीच्या चार वर्षं आधीचा आहे. ऐकताना आवाजाकडे लक्ष द्या. ती कच्ची टेक आहे, नंतर नीट गायची असं ठरलं होतं. ती तशीच रेडिओवर पोचली, आणि तो खरखरीत, अडखळणारा गळाच लोकांना पटला. काही केंद्रांनी गाणं लावायला नकार दिला.

आणि दुसरं टोक? १९६६ मध्ये सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं 'द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज'. गाणारा बॅरी सॅडलर स्वतः ग्रीन बेरे या विशेष दलातला सैनिक, व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतलेला. संथ पडघमाच्या तालावर शूर जवानांची स्तुती. त्या काळातलं तरुण अमेरिकन संगीत म्हणजे एकजात निषेध असं मानणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. दोन्ही रेकॉर्डी विकत घेणारी माणसं एकाच देशात, कधी कधी एकाच घरात राहत होती.

आता सैनिकांकडे येऊ. हा भाग बहुतेक कार्यक्रमांतून गाळला जातो आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

व्हिएतनामला गेलेली मुलं विशीच्या आसपासची. ती आपलं संगीत सोबत घेऊन गेली. सैन्याचं रेडिओ केंद्र दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतून, सायगावहून, रॉक आणि सोल (काळ्या अमेरिकनांचं संगीत) वाजवायचं. छावणीच्या कँटीनमध्ये जपानी टेपरेकॉर्डर स्वस्तात मिळायचे. जानेवारी १९७१ मध्ये सायगावात तीन आठवडे एक चोरटं रेडिओ केंद्र चाललं. अधिकृत केंद्रावर न लागणारं जहाल रॉक त्यावर लागायचं. क्लबांतून व्हिएतनामी पोरंपोरी हुबेहूब अमेरिकन रॉक वाजवून पोट भरत होती. सायगावचा सीबीसी बँड त्यातला सगळ्यात नावाजलेला.

आणि या सगळ्या ठिकाणी रात्र संपताना हमखास मागणी यायची ती 'वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस'ची. हे गाणं १९६५ चं. बॅरी मान आणि सिंथिया वाइल या न्यूयॉर्कच्या जोडप्याने लिहिलेलं, इंग्लंडच्या अ‍ॅनिमल्सने गायलेलं. विषय काय, तर कष्टकरी वस्तीतला एक मुलगा आपल्या प्रेयसीला सांगतोय की बाप राबून राबून मरायला टेकलाय, आपण दोघं इथून निघून जाऊ. त्यात युद्ध नाही, सैनिक नाही, राजकारण नाही. पण १२ महिन्यांची नेमणूक भोगणारा, कॅलेंडरवर एकेक दिवस खोडणारा मुलगा जेव्हा 'इथून निघायचंय' हे बेंबीच्या देठापासून ओरडतो, तेव्हा त्या ओळीचा अर्थ लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' आठवा. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाला गावाकडच्या बायकोची आठवण येते, इतकी घरगुती सुरुवात. पण तीच छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज झाली. अण्णा भाऊंनी विरहात राजकारण जाणूनबुजून विणलं होतं, इथे ते श्रोत्यांनी घातलं. पण माणसाला थेट आत जाऊन लागते ती विरहाची ओळ, हे दोन्हीकडे सारखंच.

हे गाणं वाजवताना बासवर मेहनत घ्या. सुरुवातीला तो एकटाच चालतो, दबकत, भिंतीला धरून चालल्यासारखा. बहुतेक बँड तिथे घाई करतात आणि कोरसला उडी मारतात. मग कोरस फुटत नाही.

'फॉर्च्युनेट सन' तुमच्या यादीत आहे, ते राहू द्या. हेही क्रीडन्सचं, १९६९ चं. जॉन फॉगर्टी स्वतः भूदलाच्या राखीव दलात होता आणि ड्रमर डग क्लिफर्ड तटरक्षक दलाच्या राखीव दलात. दोघांनाही छावणीतलं आयुष्य माहीत होतं. गाण्याला निमित्त झालं ते डिसेंबर १९६८ मधलं एक लग्न: माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा नातू आणि नुकतेच निवडून आलेले निक्सन यांची मुलगी. अशा घरातली मुलं कधी खंदकात दिसणार नाहीत, हे फॉगर्टीला उमगलं आणि राग एका बैठकीत कागदावर उतरला. गाणं झेंड्याच्या विरुद्ध नाही, सैनिकाच्या विरुद्ध तर मुळीच नाही. राग आहे तो झेंडा फडकवणारे हात आणि बंदूक धरणारे हात वेगवेगळे असण्यावर. म्हणून सैनिकांना ते आपलं वाटलं. वाजवायला सोपं: जी, एफ, सी, आणि कोरसमध्ये डी, बस. अवघड आहे ते गायला. फॉगर्टी पहिल्या अक्षरापासून गळा फाडतो आणि शेवटपर्यंत खाली येत नाही. तुमच्या गायकाला हे कार्यक्रमाच्या शेवटी देऊ नका, आवाज उरणार नाही.

डोअर्सचं 'द अननोन सोल्जर' यादीत नाही. वेळ असेल तर घ्या. १९६८ चं गाणं आहे. स्टेजवर गिटारवादक रॉबी क्रीगर गिटार बंदुकीसारखी रोखायचा, ड्रमचा एक फटकारा बसायचा आणि जिम मॉरिसन खाली कोसळायचा. यामागची घरची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात जी घटना घडली आणि जिचं निमित्त करून अमेरिका युद्धात पूर्णपणे उतरली, त्या वेळी तिथल्या अमेरिकन नौदलाच्या ताफ्याची कमान होती जिमच्या वडिलांकडे, अ‍ॅडमिरल जॉर्ज स्टीफन मॉरिसन यांच्याकडे. जिम लोकांना सांगायचा की माझे आईवडील वारले आहेत. दोघेही हयात होते.

कंट्री जोचं 'आय-फील-लाइक-आयम-फिक्सिन-टू-डाय रॅग' हे वुडस्टॉक संगीत महोत्सवातलं गाणं घेताय, तर एक विनंती. ते हसत हसत, सर्कशीतल्या बँडसारख्या उड्या मारणाऱ्या रॅगटाइम चालीवर आहे, म्हणून तुम्ही ते विनोदी करून टाकाल. करू नका. कंट्री जो मॅक्डॉनल्ड नौदलात नोकरी केलेला माणूस. हे हसू मरण समोर दिसणाऱ्याचं आहे, बरॅकमधलं आहे. चाल जितकी आनंदी आणि गायक जितका गंभीर, तितकं ते टोचतं.

एक गोष्ट निवेदनात जरूर घाला, कारण तुमच्या यादीत सगळे गोरे बँड आणि एकटा हेंड्रिक्स आहे. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत मरणाऱ्यांत काळ्या सैनिकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त होतं. छावणीच्या क्लबात ज्यूकबॉक्सवर सोल लावायचं की कंट्री, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. 'वॉर' हे गाणं मोटाउन कंपनीने आधी टेम्प्टेशन्सकडून गाऊन घेतलं होतं, पण एवढ्या लोकप्रिय गटाच्या नावावर ते सिंगल म्हणून काढायला कंपनी बिचकली. मग एडविन स्टारला दिलं आणि १९७० मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मागे त्याचा भाऊ फ्रँकी आहे, व्हिएतनामहून परतलेला. हे रॉक नव्हे, पण याच्याशिवाय चित्र अर्धं राहतं.

आता 'ओहायो'. गाणं आणि घटना यांच्यामध्ये इतकं कमी अंतर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ४ मे १९७०. निक्सनने युद्ध कंबोडियात नेल्याच्या निषेधात ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थी जमले होते. नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. नील यंगने मासिकातले फोटो पाहिले आणि गाणं लिहिलं. २१ मे रोजी, म्हणजे १७ दिवसांनी, क्रॉसबी, स्टिल्स, नॅश आणि यंग हे चौघे स्टुडिओत होते. जूनमध्ये रेकॉर्ड बाजारात. तेव्हा त्याच चौकडीचं ग्रॅहम नॅशने लिहिलेलं दुसरं गाणं यादीत वर चढत होतं. हे आलं की त्याला फटका बसणार हे ठाऊक असून नॅशसकट सगळ्यांनी ते पुढे काढलं. राष्ट्राध्यक्षाचं नाव घेऊन दोष दिलेला असल्याने अनेक केंद्रांनी ते लावलं नाही.

वाजवताना दोन गोष्टी. रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, संथ आहे, त्यात लष्करी चालीची पावलं आहेत. ती पावलं गोळ्या घालायला येणाऱ्यांची आहेत. वेग वाढवलात की ती रॉकची रिफ होते आणि भीती निघून जाते. दुसरं, शेवटी डेव्हिड क्रॉसबी मागून ओरडतो, का, अजून किती. ते ठरवून बसवलेलं नव्हतं. रेकॉर्डिंगनंतर तो रडला. ती हाक तुमच्यातल्या कोणाला आतून येत असेल तर घ्या, नाहीतर तो भाग सोडून द्या. नक्कल केलेली हाक ऐकवत नाही.

याच घटनेत तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाण्यांनी युद्ध थांबवलं का? नाही. केंट स्टेटनंतर घेतलेल्या गॅलपच्या पाहणीत ५८ टक्के अमेरिकनांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला होता, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर युद्ध थांबवण्याचा पॅरिसचा करार व्हायला सात वर्षांहून जास्त काळ लागला, जानेवारी १९७३ उजाडला. सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५ ला. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन गेले, आणि व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी.

पण मग गाण्यांनी काही केलंच नाही का? केलं, आणि ते लहान नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये वॉशिंग्टनला लाखो माणसं जमली तेव्हा पीट सीगरने लेननच्या 'गिव्ह पीस अ चान्स'चं धृपद पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या त्या गर्दीला एक श्वास मिळाला. आणि सैन्याच्या आत, छावण्यांजवळ निघालेल्या कॉफीहाउसांत, सैनिक हीच गाणी ऐकत बसायचे आणि मनातलं बोलायचे. एप्रिल १९७१ मध्ये संसदेच्या इमारतीसमोर आपली पदकं फेकणारे माजी सैनिक त्याच पिढीचे, तीच गाणी ऐकून वाढलेले. शत्रू मानून एकमेकांकडे पाहायला लावलेल्या दोन गटांना, आंदोलकाला आणि सैनिकाला, समान असं फार थोडं होतं. रेडिओ समान होता. मला या संगीताची खरी कमाई ही वाटते, आणि ती मी कुठल्याही घोषणेपेक्षा मोठी मानतो.

हेंड्रिक्सवर मला जास्त लिहायचंय.

वुडस्टॉक रविवारी संपायचं होतं, लांबलं. हेंड्रिक्स स्टेजवर आला सोमवारी, १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी. चार लाखांतले बहुतेक लोक घरी गेले होते. चिखल, ओली पांघरुणं आणि मागे उरलेली माणसं. (त्याच स्टेजवर पहिल्या रात्री, १५ ऑगस्टला, पावसात पंडित रविशंकर वाजवून गेले होते. तबल्यावर आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. वुडस्टॉकचं नाव काढलं की मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

त्या सकाळी स्टेजवर कोण होतं ते बघा. हेंड्रिक्स स्वतः १९६१ मध्ये सैन्यात गेलेला, १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये, विमानातून उड्या मारलेला. बास वाजवणारा बिली कॉक्स त्याच छावणीतला, तिथेच दोघांची गाठ पडली. दुसरा गिटारवादक लॅरी ली नुकताच व्हिएतनामहून परतलेला. आणि ती १०१ वी डिव्हिजन तेव्हा व्हिएतनाममध्ये लढत होती. तीनच महिन्यांपूर्वी, मे १९६९ मध्ये, हँबर्गर हिल म्हणून ओळखल्या गेलेल्या टेकडीवर तिची ७० हून अधिक माणसं मेली होती. टेकडी जिंकली आणि थोड्याच दिवसांत सोडून दिली. म्हणजे स्टेजवर नुसते कलंदर हिप्पी नव्हते, सहा जणांतल्या किमान तिघांनी गणवेश घातलेला होता. विटंबना हा शब्द वापरण्याआधी हे माहीत हवं.

दुसरी गोष्ट. अमेरिकेचं राष्ट्रगीत हेच मुळात युद्धाचं गाणं आहे. १८१४ मध्ये ब्रिटिश आरमाराने बाल्टिमोरच्या किल्ल्यावर रात्रभर तोफांचा मारा केला, आणि पहाटे झेंडा अजून फडकतोय हे पाहून फ्रान्सिस स्कॉट कीने त्या ओळी लिहिल्या. अग्निबाणांचा लाल उजेड आणि हवेत फुटणारे बॉम्ब, हे शब्द गीतातच आहेत. हेंड्रिक्स चाल सरळ वाजवत येतो. या दोन शब्दांपाशी पोचला की थांबतो आणि ते शब्द ऐकवतो. व्हॅमी बार, म्हणजे गिटारवरची ती दांडी, खाली दाबून तारा इतक्या सैल करतो की स्वर विमानासारखा कोसळतो. फीडबॅकमधून, म्हणजे अँपचा आवाज गिटारमध्ये परत घुसून, किंकाळ्या येतात. मग पुन्हा चालीवर येतो, तीही जिथून सोडली तिथूनच. शब्द नसलेल्या गिटारीने शब्दाशी इतकं इमान राखलेलं मी दुसरं ऐकलेलं नाही. पुढच्या महिन्यात टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याला या वेगळ्या धाटणीबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मी अमेरिकन आहे, शाळेत हे गायचो, म्हणून वाजवलं, मला ते सुंदर वाटलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

हे उत्स्फूर्त नव्हतं, हेही लक्षात घ्या. वर्षभर तो ते कार्यक्रमांत वाजवत होता. म्हणून तुम्ही आठवड्याभराच्या तालमीवर ते बसवायला जाऊ नका. पंचविशीत मी तेच केलं होतं. एका संमेलनात फझ आणि वाह ही आवाज बदलणारी पेडलं दाबून तीन मिनिटं नुसते बॉम्ब टाकले. टाळ्या पडल्या. पण रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की चाल कुठे ऐकूच येत नव्हती. चाल नसेल तर मोडतंय काय?

त्याऐवजी मी 'मशीन गन' घ्यायला सांगेन, आणि त्याचं कारण माझे मामा आहेत. १ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये झालेलं हे वादन, बारा मिनिटांहून मोठं. हेंड्रिक्स, कॉक्स आणि ड्रमवर बडी माइल्स. सुरुवातीला हेंड्रिक्स ते शिकागो, मिलवॉकी, न्यूयॉर्कमध्ये लढणाऱ्या सैनिकांना अर्पण करतो, आणि मग म्हणतो, हो, व्हिएतनाममधल्याही. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, ७१ ची लढाई पाहिलेले. इंग्रजी गाणी त्यांच्या कानाला नकोशी. १९९१ च्या मे महिन्यात मी गावी ओसरीवर ही कॅसेट लावून बसलो होतो, ते विडी ओढत बाहेर आले आणि उभेच राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "ह्यो ढोलवाला बरोबर मारतोय बघ. मशीनगन सलग कोण चालवत न्हाय. चार गोळ्या, थांबायचं, परत चार. न्हायतर नळी तापती, नेम बी जातो. ह्यातल्या कुणीतरी नोकरी केलीया."

मी तोपर्यंत त्या ड्रमला नुसता ताल समजत होतो. बडी माइल्सचा स्नेअर खरंच तसा आहे: झटक्यात चार-सहा ठोके, मग मोकळी जागा, मग पुन्हा. त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. आणि मारणारा आणि मरणारा दोघेही कुणीतरी ढकललेले, दोघांमध्ये अंतर फक्त एका कुटुंबाचं, असं गाण्याचे शब्द सांगतात. तुमच्या ड्रमरला सांगा, आधी थांबायला शिक. सोलोच्या सुरुवातीला हेंड्रिक्स एकच स्वर लांब धरून ठेवतो. अँपसमोर किती अंतरावर, कोणत्या कोनात उभं राहिलं की तो स्वर आपोआप टिकतो, हे प्रत्यक्ष हॉलमध्ये साउंडचेकला शोधावं लागतं. घरच्या दहा वॉटच्या अँपवर ते सापडणार नाही.

क्रम मी असा लावेन. 'फॉर व्हॉट इट्स वर्थ'ने उघडा. मग 'फॉर्च्युनेट सन', गायकाचा गळा ताजा असताना. कंट्री जो. 'वॉर' जमत असेल तर ते. मग 'ओहायो', आणि त्यानंतर अर्धा मिनिट काही बोलू नका. 'मशीन गन' आठ मिनिटांत बसवा. शेवटी 'वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस', जसं तिथल्या क्लबांत व्हायचं तसं, प्रेक्षकांना गायला लावून.

राष्ट्रगीत वाजवायचा मोह तरीही होणार, म्हणून एक लहानसा तुकडा सुचवतो. बॉम्ब पडून गेल्यावर, शेवटच्या ओळींच्या आधी, हेंड्रिक्स मध्येच काही स्वर वाजवतो जे राष्ट्रगीतातले नाहीत. ते 'टॅप्स'चे आहेत, अमेरिकन सैनिकाला पुरताना बिगुलावर वाजतात ते. मी ते वर्षानुवर्षं वाजवत होतो, एक सुरावट म्हणून. १९९९ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावात कारगिलहून एक पेटी आली. शाळेच्या मैदानावर सगळा पंचक्रोशीतला माणूस उभा होता आणि बिगुलावर लास्ट पोस्ट सुरू झालं. सुरावट वेगळी, पण स्वर तेच मोजके, तसेच उघडे, मींड नाही, कंप नाही. बिगुलाला कळा नसतात, त्यामुळे नळीतून निसर्गतः निघतात तेवढेच स्वर त्याला मिळतात. त्या दिवशी मला हेंड्रिक्सने तिथे काय ठेवलंय ते कळलं.

'टॅप्स'मध्ये एकूण २४ स्वर आहेत, आणि वेगवेगळे फक्त चार: खालचा प, सा, ग, वरचा प. गिटारच्या एकाच तारेवर हे चारही हार्मोनिकने मिळतात. सातव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवा, खालचा प. पाचव्यावर सा. चौथ्यावर, फ्रेटच्या अगदी किंचित अलीकडे, ग. तिसऱ्याच्या जरा पुढे वरचा प. तो ग म्हणजे तंबोऱ्यातून ऐकू येतो तोच स्वयंभू गंधार, म्हणून आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटेल आणि गिटारच्या दाबलेल्या ग पेक्षा जरासा उतरलेला लागेल. ट्यूनर बघून तो दुरुस्त करू नका. 'मशीन गन' संपलं की फझ बंद करा, व्हॉल्यूम निम्म्यावर आणा आणि चौथ्या तारेवर हे २४ स्वर एकट्याने वाजवा. शेवटचा सा हात न लावता विझू द्या, मगच बासवाल्याला सुरू करायची खूण करा.